जमिनीखालची इंधनटाकी काढल्यावर मातीची तपासणी : कोल्हापूर परिसरासाठी सविस्तर कृती

पेट्रोलपंपाची, आगाराची किंवा फाउंड्रीच्या जनरेटरची जमिनीखालची टाकी उचलली, की तो खड्डा फार तर दोन-चार दिवस उघडा राहतो. ठेकेदाराला मुरूम टाकून मोकळे व्हायचे असते, मालकाला जागा हवी असते आणि जून तोंडावर असेल तर सगळ्यांनाच घाई असते. पण टाकीच्या तळाखालची माती डोळ्यांना दिसते ती तेवढ्याच दिवसांत. खड्डा बुजल्यावर तीच माहिती मिळवायला बोअर मारावे लागतात. बोअरचे भोक काही इंचांचे असते, त्यामुळे गळतीची जागा हातभर चुकली तरी अहवाल ‘स्वच्छ’ येतो. म्हणून या लेखाचा भर प्रयोगशाळेपेक्षा खड्ड्यावर जास्त आहे. चुकीच्या जागेवरून, चुकीच्या बाटलीत भरलेला नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर दुरुस्त होत नाही.

जेसीबी येण्याआधी

काम मार्च ते मेमध्ये धरा. जूननंतर शिरोली, कसबा बावडा किंवा नदीकाठच्या कुठल्याही जागेत खड्ड्यात पाणी चढते आणि तळाची माती चिखल होऊन एकमेकांत मिसळते. उसाला पाणी सुरू असलेल्या शेताशेजारी मात्र उन्हाळ्यातही भूजल वर असू शकते. आसपासच्या विहिरीत सूत सोडून पातळी आधी मोजून ठेवा.

टाकीचा इतिहास लिहून काढा. किती टाक्या, कोणत्या साली बसवल्या, कोणत्या टाकीत काय भरले, मध्येच इंधन बदलले का, साठ्याच्या नोंदीत तूट दिसत होती का, पाइपलाइन कधी बदलली, हे सगळे त्यात यायला हवे. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. टाकी त्याआधीची असेल तर तपासणीच्या यादीत शिसे येते. जागा पुराच्या पट्ट्यात असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आले होते तेही विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, पण तुमच्या आवारात पाणी कोणत्या पातळीला शिरते हे शेजाऱ्यांनाच नेमके माहीत असते. व्हेंट (टाकीची हवानळी) किंवा मॅनहोल पाण्याखाली गेले की पाणी आत शिरते आणि वर तरंगणारे इंधन बाहेर पडते. शिवाय २० हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण पाण्यात बुडाली तर तिच्यावर सुमारे २० टनांचा उचलदाब येतो. टाकी जागची हलली नाही, तरी पाइपचे सांधे त्या ताणाने ढिले होतात.

टाकी रिकामी करणे, बाष्पमुक्त करणे आणि उचलणे हे पेट्रोलियम नियम २००२ खालचे काम आहे. ते सक्षम व्यक्तीच्या दाखल्याशिवाय होऊ नये. पेट्रोलची बाष्पे हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने पेट घेतात, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचून राहतात. टाकीच्या तळाचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो. तो अधिकृत वाहतूकदारामार्फत, कचऱ्याच्या वाहतूक-पावतीसह रांजणगावसारख्या सामायिक प्रक्रिया केंद्रातच जायला हवा. पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना रद्द करून घेणे किंवा त्यात बदल करणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला लेखी कळवणे, ही दोन्ही पत्रे काम सुरू होण्याआधी गेलेली असावीत.

प्रयोगशाळाही आधी ठरवा. ‘एनएबीएल मान्यता आहे’ (म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) एवढे ऐकून थांबू नका, मान्यतेची यादी मागवा. बऱ्याच ठिकाणी पाण्यातल्या बेंझिनची मान्यता असते, मातीतल्या बेंझिनची नसते. मोजण्याची किमान मर्यादाही विचारा. तुमची मर्यादा १ मिलिग्रॅम प्रतिकिलो असेल आणि प्रयोगशाळा ५ च्या खाली मोजू शकत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही. बाटल्या, मिथेनॉल (बाष्पशील घटक उडून जाऊ नयेत म्हणून माती ज्यात बुडवतात ते द्रावक) भरलेल्या कुप्या आणि लेबले प्रयोगशाळेकडूनच घ्या.

इथल्या जमिनीत इंधन कसे जाते

कोल्हापूरची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणावर आहे. वरून खाली येताना सहसा भराव, काळी माती, पिवळसर मुरूम, कच्चा दगड आणि मग कातळ असा क्रम लागतो. प्रत्येक थरात इंधन वेगळे वागते.

काळी माती ओली असताना जवळपास पाणबंद असते, म्हणून ‘इथून काही खाली जाणार नाही’ असे सांगितले जाते. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात आणि इंधन त्या भेगांतून सरळ खाली उतरते. पावसात भेगा मिटतात, आतले इंधन तिथेच अडकते. त्यामुळे काळ्या मातीत एक ढेकूळ स्वच्छ आणि वीतभर अंतरावरचे ढेकूळ डिझेलने माखलेले असू शकते. नमुना घेताना ढेकूळ फोडून भेगेची बाजू बघा. या मातीचा रंगही फसवा असतो, डाग दिसत नाही. मुरमात तो दिसतो. मूळ पिवळा-तांबडा मुरूम इंधन मुरल्यावर राखाडी-हिरवट पडतो, कारण तेल खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात आणि लोहाचा रंग बदलतो.

मुरमातून इंधन वेगाने उतरते आणि कातळाच्या माथ्यावर किंवा दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातकट पट्ट्यावर आडवे पसरते. टाकीच्या बरोबर खाली कमी आणि चार मीटर बाजूला जास्त, असा अहवाल आला तर तो प्रयोगशाळेच्या माथी मारण्याआधी कातळाचा उतार कुठे आहे ते पाहा.

भरावाबद्दल इथे खास सांगायला हवे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत जुन्या आवारांच्या भरावात फाउंड्रीची जळकी काळी वाळू निघते. तिच्यात रेझिनचे फिनॉल, थोडे बेंझिन-टोल्युइन आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बन (अनेक वलये जोडलेली कार्बनी संयुगे) असू शकतात. टाकी एक थेंबही गळली नसेल तरी तिचा नमुना ‘दूषित’ येतो. अशी वाळू दिसली की तिचा थर वेगळा मोजा, फोटो काढा, वेगळा नमुना घ्या. ती टाकीखालच्या नमुन्यात मिसळू देऊ नका. डांबराचे तुकडेही असाच घोळ करतात, तेही वेचून बाजूला करा.

कोणत्या इंधनाला कोणती तपासणी

पेट्रोलच्या टाकीला बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक संयुग), नॅप्थलीन आणि सी६ ते सी१० (रेणूत ६ ते १० कार्बन अणू) या हलक्या गटातले एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजून घ्या. टाकी २००० च्या आधीची असेल तर एकूण शिसे आणि १,२-डायब्रोमोइथेन हेही घ्या. शिसे इंजिनात साचू नये म्हणून त्या काळच्या पेट्रोलमध्ये डायब्रोमोइथेन घालत असत. डिझेलला सी१० ते सी२८ गट, नॅप्थलीनसह बहुचक्रीय हायड्रोकार्बन आणि बेंझिन ते झायलिन ही वरची चारही सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक) संयुगे लागतात. फर्नेस ऑइल किंवा वापरलेले वंगण असेल तर सी२८ च्या पुढचा जड गट आणि धातू वाढवा. ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था) ८२६० ही बाष्पशील संयुगांची पद्धत, ८०१५ हायड्रोकार्बन गटांची आणि ८२७० बहुचक्रीय संयुगांची. हे आकडे मागणीपत्रावर लिहा. नुसते ‘ऑइल अँड ग्रीस’ लिहिले तर गरम करून, वजन करून काढलेला एक आकडा हाती येतो. त्यात पेट्रोलचा भाग उडून गेलेला असतो आणि शेणखताची चरबीही मोजली जाते.

अलीकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. जमिनीतले जिवाणू आधी इथेनॉल संपवतात आणि त्या नादात प्राणवायूही संपवतात. मग बेंझिन विघटन न होता जास्त लांब जाते. नवी टाकी, म्हणून कमी धोका, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

टाकी बाहेर आली, आता काय बघायचे

टाकी बाजूला ठेवली की आधी तिचाच तळ तपासा. डिप रॉड (साठा मोजायची काठी) ज्या जागी वर्षानुवर्षे आपटतो तिथे, फिलपाइपच्या (टाकी भरायच्या नळीच्या) खाली आणि ज्या टोकाला पाणी साचते तिथे पत्रा आधी खातो. गंजाच्या खपलीने भोक बुजलेले असू शकते. म्हणून वरवर शाबूत दिसली तरी खपली काढून पाहा, पट्टी ठेवून फोटो घ्या आणि भोकाचे अंतर टाकीच्या टोकापासून मोजा. खड्ड्यातला पहिला नमुना त्याच बिंदूखाली जाईल.

मग खड्डा. १.५ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात भिंतींना आधार नसताना कोणीही उतरायचे नाही. कोरड्या काळ्या मातीची भिंत पूर्वसूचना न देता सुटते, आणि तळाशी बाष्पे असतात. नमुना बकेटने वर आणून घ्यायचा. मुद्दाम वास घेऊन पाहणे बंद करा. बेंझिन कर्करोगकारक आहे आणि नाक थोड्याच वेळात बधिर होते.

जागेवरच्या चाचणीसाठी फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, म्हणजे हवेतली बाष्पे मोजणारा पीआयडी, भाड्याने घ्या. १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असलेला, सकाळी स्वच्छ हवेवर शून्य आणि १०० पीपीएम आयसोब्युटिलीनवर जुळवलेला हवा. झिपच्या पिशवीत निम्म्यापर्यंत माती भरा, बंद करून ढेकळे बाहेरून फोडा, १० मिनिटे सावलीत ठेवा, मग नळी आत घालून सर्वांत वरचा आकडा लिहा. सगळ्या पिशव्यांना वेळ आणि जागा सारखीच द्या. एप्रिलच्या उन्हात ठेवलेली पिशवी आणि सावलीतली पिशवी यांची तुलना होत नाही. हा आकडा पिशवीतल्या हवेचा आहे, मातीचा नाही, त्यामुळे तो कोणत्याही मर्यादेशी ताडून पाहायचा नाही. कुठे जास्त, कुठे कमी एवढेच त्यातून कळते. दमट हवेत दिवा चुकतो. डिझेलला तर पीआयडी फारच मंद प्रतिसाद देतो, म्हणून डिझेलसाठी काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून तवंग पाहा. काडीने तवंग मोडल्यावर त्याचे फुटलेल्या काचेसारखे तुकडे झाले तर तो बहुधा लोहजिवाणूंचा. पुन्हा एक झाला तर तेलाचा.

नमुने कुठून, किती

एक उदाहरण घेऊ. २० हजार लिटरच्या दोन टाक्या, एक पेट्रोलची, एक डिझेलची. प्रत्येकी सुमारे २ मीटर व्यास आणि साडेसहा मीटर लांबी. तीन डिस्पेन्सर (गाडीत इंधन भरून देणारी यंत्रे) आणि १८ मीटर पाइप. खड्डा साधारण ८ बाय ७ मीटर, खोली साडेतीन मीटर.

तळाचे नमुने प्रत्येक टाकीला तीन : दोन्ही टोकांखाली एकेक आणि फिलपाइप किंवा भोकाखाली एक. खोली टाकीच्या तळापासून ३० ते ६० सेंटिमीटर खाली, आणि तीही मूळ जमिनीत. टाकीखाली अंथरलेल्या वाळूतून नमुना घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. वाळूतून पेट्रोल निथळून गेलेले असते आणि ती स्वच्छ दिसते. चारही भिंतींचा एकेक नमुना घ्या, उंची अंदाजाने न ठरवता डाग, पीआयडीचा आकडा किंवा दोन थरांची सांध बघून ठरवा. तिन्ही डिस्पेन्सरखाली एकेक. पाइपच्या चरात दर ६ मीटरला एक, म्हणजे तीन, पण ते सांध्यांखाली आणि वळणांखाली सरकवून घ्या. अनेकदा टाकी ठणठणीत असते आणि डिस्पेन्सरखालचा सांधा वर्षानुवर्षे ठिबकत असतो, म्हणून हे सहा नमुने पैसे वाचवण्यासाठी गाळू नका. आवाराच्या चढाकडच्या, कधी इंधन न सांडलेल्या कोपऱ्यातला एक पार्श्वभूमीचा नमुना. एवढे १७ झाले.

यात दोन जोडनमुने, म्हणजे त्याच बिंदूचे वेगळ्या क्रमांकाने पाठवलेले नमुने, आणि प्रयोगशाळेतून आलेली, न उघडता परत जाणारी एक कोरी कुपी मिळवा. मातीच्या ढिगाचे नमुने वेगळे. खड्ड्याचे १९६ घनमीटर, त्यातून टाक्यांचे ४० वजा केले तर १५६ उरतात. उकरल्यावर माती फुगते, म्हणून ढीग सुमारे २०० घनमीटरचा, म्हणजे ७० ब्रासच्या आसपास धरा. दर ४० घनमीटरला एक या हिशेबाने ढिगाचे पाच नमुने होतात.

खर्च वाचवायला चार-पाच ठिकाणची माती कालवून एक नमुना पाठवण्याची सूचना येईल. ती मान्य करू नका. एका ठिकाणी ५,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो आणि चार ठिकाणी शून्य असेल, तर कालवलेला नमुना १,००० दाखवतो आणि दोषाची जागा हरवते. बाष्पशील संयुगांसाठी तर कालवणे म्हणजे ती हवेत सोडून देणेच.

नमुना भरण्याची रीत

बकेट खड्ड्यातून वर आली की घड्याळ सुरू झाले असे समजा. बकेटच्या दातांना ग्रीस किंवा हायड्रॉलिक तेल लागलेले नसावे. दर नमुन्याआधी ती साबणाच्या पाण्याने धुवा आणि माती बकेटच्या मधल्या गाभ्यातून घ्या, कडेची नको. वरचा १५ सेंटिमीटर थर खरवडून टाका. प्रत्येक नमुन्याला नवे नायट्राइल हातमोजे. क्रम पुढीलप्रमाणे ठेवा.

१. आधी बाष्पशील संयुगांची कुपी. १० मिलिलिटरच्या प्लास्टिक सिरिंजचे तोंड कापून ती मातीत दाबा. साधारण ३ मिलिलिटर मातीचे वजन ५ ग्रॅम भरते. ती १० मिलिलिटर मिथेनॉल भरलेल्या ४० मिलिलिटरच्या कुपीत ढकला, कुपीच्या आट्यांवरचे कण पुसा, झाकण लावा. उघड्या मातीपासून बंद झाकणापर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. अशा दोन कुप्या भरा.

२. त्याच मातीची एक कुपी मिथेनॉलशिवाय, ओलावा मोजण्यासाठी.

३. मग २५० मिलिलिटरची तपकिरी काचेची रुंद तोंडाची बरणी, झाकणाला टेफ्लॉनचे अस्तर असलेली. डिझेल गट आणि बहुचक्रीय संयुगांसाठी ती काठोकाठ, पोकळी न ठेवता भरा.

४. शेवटी शिशासाठी वेगळी बरणी आणि पीआयडीची पिशवी.

मुरूम खडबडीत असेल तर सिरिंज आत जात नाही. अशा वेळी स्टीलच्या चमच्याने बारीक भाग पटकन कुपीत टाका. गोटे टाळा, त्यांच्यावर इंधन टिकत नाही आणि वजन मात्र भरते. तळाला सरळ कातळ लागला तर फटीतली माती घ्या. ती नसेल तर तसे नोंदवा आणि पाण्याच्या तपासणीकडे वळा.

मिथेनॉलच्या कुप्यांचे वजन प्रयोगशाळेने आधीच करून ठेवलेले असते. त्यांच्यावर जास्तीचे लेबल किंवा चिकटपट्टी लावली की मातीचे वजन चुकते आणि उत्तरही. लेबलवर बॉलपेनने लिहा. पर्मनंट मार्करच्या शाईत झायलिनसारखी द्रावके असू शकतात, तो बाष्पशील नमुन्यांजवळ आणूच नका. नमुने घेणाऱ्याने त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि डबा गाडीत ठेवू नये. कोऱ्या कुपीत टोल्युइन निघाले, तर कारण बहुतेक वेळा असेच काहीतरी असते. मिनरल वॉटरची बाटली, दुधाची पिशवी, औषधाची प्लास्टिक डबी यांपैकी काहीही चालत नाही. प्लास्टिक इंधन शोषते आणि स्वतःचे घटक नमुन्यात सोडते.

क्रमांक वाचताच जागा कळेल असा द्या : टाकी १, पूर्व टोक, ३.४ मीटर. जमिनीपासूनची खोली, मातीचा प्रकार, रंग, ओलावा, पीआयडीचा आकडा, वेळ आणि फोटोचा क्रमांक वहीत त्याच क्षणी लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत पूर्व-पश्चिम हमखास उलटते.

बर्फपेटी आणि प्रवास

नमुने ४ अंश सेल्सिअसच्या आसपास हवेत, गोठलेले नकोत. जाड थर्माकोलच्या पेटीत खाली आणि वर बर्फ, बर्फ दुहेरी पिशवीत, म्हणजे वितळलेले पाणी लेबलवर येत नाही. मिथेनॉल ज्वलनशील असल्याने कुरिअरवाले नकार देऊ शकतात, आणि रात्रीच्या बसच्या डिकीत पेटी किती तापेल याचा भरवसा नसतो. पुण्याला पाठवायचे असेल तर सुमारे २३० किलोमीटर अंतर स्वतःच्या गाडीने गेलेले बरे. नमुने सोमवार-मंगळवारी घ्या. शनिवारी घेतलेली पेटी सोमवारपर्यंत कुणाच्या तरी टेबलाखाली पडून राहते. मिथेनॉलमधल्या नमुन्याला १४ दिवस मिळतात. मिथेनॉल न घालता हवाबंद नळीत घेतलेल्या बाष्पशील नमुन्याला फक्त ४८ तास. डिझेल गटाचा अर्क १४ दिवसांत काढून पुढच्या ४० दिवसांत तपासावा लागतो. पेटीसोबत नमुना-हस्तांतरणाचा कागद जातो. कुणी, कधी, किती कुप्या, कोणाच्या हाती दिल्या, पोहोचताना पेटीचे तापमान किती होते, हे सह्यांसह त्यावर हवे. पुढे वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

खड्ड्यात पाणी लागले तर

पहिले पाणी उपसून अधिकृत टँकरमध्ये भरा. गटारात किंवा ओढ्यात सोडायचे नाही, कारण इथला प्रत्येक ओढा शेवटी पंचगंगेला मिळतो. पुन्हा झिरपून आलेल्या पाण्याचा नमुना घ्या, तवंगाची जाडी मोजा. पाण्याच्या ४० मिलिलिटरच्या कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले असते. कुपी तोंडावर फुगवटा येईपर्यंत भरून बंद करा आणि उलटी धरून पाहा, वाटाण्याएवढा बुडबुडाही नको.

भूजल उन्हाळ्यात खाली आणि पावसाळ्यात वर जाते, आणि त्यासोबत वरचे इंधनही खाली-वर होत मुरमाचा एक जाड पट्टा माखून टाकते. मे महिन्यात कोरडा दिसणारा हा पट्टा भिंतीत कुठून कुठवर आहे ते मोजा आणि त्यातून नमुना घ्या. तळ स्वच्छ आला तरी उतारावरच्या विहिरी आणि बोअरचे पाणी बेंझिनसाठी तपासा. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि या प्रमाणात पाण्याला वासही येत नाही. कातळाच्या फटीतून इंधन कोणत्या दिशेने जाईल हे जमिनीच्या उतारावरून नक्की सांगता येत नाही, म्हणून एकाच बाजूच्या विहिरीवर थांबू नका. त्या विहिरीचे पाणी कोणी पीत असेल तर त्या घराला आधी कळवा, अहवालाची वाट पाहू नका.

अहवाल वाचताना

आधी पाहा, आकडा ओल्या मातीवर आहे की कोरड्या. काळ्या मातीत ३० टक्के ओलावा सहज असतो. तेव्हा ओल्या वजनावरचे ७०० म्हणजे कोरड्यावर १,००० होतात. मग कोरी कुपी, जोडनमुन्यांतला फरक आणि प्रयोगशाळेने नमुन्यात मुद्दाम मिसळलेल्या खुणेच्या संयुगाची परतफेड (म्हणजे त्यातले किती टक्के पुन्हा मोजले गेले) बघा. ती ७० ते १३० टक्क्यांच्या बाहेर असेल तर त्या नमुन्याचा खुलासा मागा.

तुलनेसाठी नेदरलँड्सची हस्तक्षेप मूल्ये पुष्कळ ठिकाणी वापरतात : बेंझिन १.१, टोल्युइन ३२, इथिलबेंझिन ११०, झायलिन १७, शिसे ५३० आणि खनिज तेल ५,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो. ही १० टक्के सेंद्रिय आणि २५ टक्के चिकणमाती असलेल्या प्रमाण मातीची मूल्ये आहेत आणि ‘याच्यावर गंभीर’ अशी त्यांची पातळी आहे. त्यांच्या खाली आले म्हणजे माती स्वच्छ, असा अर्थ होत नाही. केंद्राने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. तुमच्या जागेला कोणती पातळी लागू ते मंडळाकडून लेखी घ्या.

डिझेल गटाचा आकडा मोठा आणि सुगंधी संयुगे शून्य असतील तर क्रोमॅटोग्रामचा (घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागवा. डिझेलचा आलेख म्हणजे उंचवटा आणि त्यावर सारख्या अंतराने कंगव्यासारखे दाते. जुन्या, कुजलेल्या डिझेलचे दाते झिजतात, उंचवटा राहतो. प्रेसमड (साखर कारखान्यात उरणारा गाळ), शेणखत, उसाचे पाचट यांच्यातले वनस्पतिजन्य मेण सी२७, सी२९, सी३१ अशा विषम दात्यांनी ओळखू येते. ऊसपट्ट्यातल्या जागेत हा फरक फार महत्त्वाचा आहे. अशा वेळी सिलिका जेलने अर्क स्वच्छ करून पुन्हा मोजायला सांगा.

जास्त निघाले तर आणि बुजवताना

ज्या बाजूला जास्त आले ती बाजू अर्ध्या-अर्ध्या मीटरने खोदा, पीआयडीने पाहा, नव्या पृष्ठाचा नवा नमुना घ्या. इमारतीचा पाया, रस्ता किंवा शेजाऱ्याची हद्द आली की खोदाई थांबवून पलीकडे बोअर घ्या आणि मंडळाला कळवा.

निघालेली माती जाड ताडपत्रीवर, कडेला बांध घालून, वरून झाकून ठेवा. संशयित आणि स्वच्छ दिसणारी माती पहिल्या बकेटपासून वेगळी करा. अहवाल येईपर्यंत एकही ट्रॉली बाहेर जाऊ देऊ नका. कोणी मुरूम म्हणून मागेल, कोणी वीटभट्टीला किंवा शेताच्या रस्त्याला. तिथे गेलेली माती परत आणता येत नाही आणि जबाबदारी मूळ मालकाचीच राहते.

अहवाल येण्याआधी खड्डा बुजवणे सुरक्षेसाठी भागच पडले, तर तळ आणि भिंतींवर प्लास्टिकचा कागद अंथरून मगच स्वच्छ मुरूम टाका. पुन्हा उकरायची वेळ आली तर मूळ जमीन कुठे सुरू होते हे त्या कागदावरून कळते. भराव २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, दाबून घ्या. भरावाचा मुरूम कुठून आला त्याची नोंद आणि त्याचाही एक नमुना ठेवा. शेवटी खड्ड्याचे चारही कोपरे आणि प्रत्येक नमुन्याचा बिंदू दोन पक्क्या खुणांपासून, म्हणजे इमारतीचा कोपरा किंवा हद्दीचा दगड अशांपासून, टेपने मोजून नकाशावर उतरवा. जीपीएसचा आकडा जोडीला असू द्या, पण फोनचा जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतो, आणि दोन टाक्यांमधले अंतर जेमतेम अर्ध्या मीटरचे असते.